सरकारी वकील नव्हे, आपला वकील

शाळेच्या आमच्या ग्रुपवर मध्यंतरी एक ठराव फिरत होता. लहान मुलीवरच्या अत्याचाराचं प्रकरण, आणि तालुक्याच्या वकील संघानं आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही असं एकमतानं ठरवलेलं. खाली टाळ्या, जोडलेले हात. मी गप्प राहिले. त्या मुलीचा विचार डोक्यात असताना कायद्याच्या गोष्टी काढणं जिवावर आलं. पण बोलायला हवं होतं, म्हणून आज लिहिते आहे.

मी इंग्लंडात लेस्टरला राहते. पोलीस ठाण्यात आणि कोर्टात मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून जाते. एकदा रात्री दीडला बोलावणं आलं. मारामारीच्या आरोपावरून आणलेला आपल्याकडचा एक तरुण काउंटरपुढे उभा होता. बूट काढून घेतलेले, पायात नुसते मोजे. सार्जंटनं विचारलं, मोफत वकील हवा का? पोरगा माझ्याकडे वळला. “ताई, मी काय केलंच नाही, तर वकील कशाला? आणि पैसे कुठनं आणू?” दुभाष्यानं सगळंच सांगायचं असतं, मी तेही सांगितलं. सार्जंट म्हणाला, पैसे लागत नाहीत, पगार किती हेही कुणी विचारणार नाही. नको असेल तर का नको तेवढं सांगा, मला नोंद करावी लागते. आणि नंतर मत बदललं तरी चालेल.

या कामात एक शब्द मी कटाक्षानं टाळते: सरकारी वकील. सुरुवातीला एकदा तोंडातून गेला होता आणि समोरच्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे शिक्षा मागणारा. म्हणून आता म्हणते, “तुमच्या बाजूचा वकील, पैसे सरकार देतं.”

वकील पहाटे आला. आधी बंद दाराआड बोलणं, मगच चौकशी. इथे हा हक्क १९८४च्या कायद्यानं पक्का केला, आणि त्यामागे एक मोठी चूक आहे. १९७२मध्ये लंडनला मॅक्सवेल कॉन्फेट नावाच्या माणसाचा खून झाला. पोलीस ठाण्यातल्या कबुलीवरून तीन मुलांना दोषी धरलं. त्यातला एक अठरा वर्षांचा, पण समज आठ वर्षांच्या पोराएवढी. १९७५मध्ये वरच्या कोर्टानं ते निकाल रद्द केले.

आपल्याकडे कायदा कमी आहे असं मुळीच नाही. १९७८च्या होसकोट खटल्यात, तोही महाराष्ट्र सरकारविरुद्धचा, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अपिलासाठी कैद्याला मोफत वकील देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, उपकार नव्हेत. मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावरच्या १९८३च्या निकालात आदेश आहे की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२मध्ये मोफत वकील मिळणाऱ्यांत स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीतला प्रत्येक माणूस येतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

आणि तरी कसाबच्या २०१२च्या निकालानुसार सरकारनं वकील द्यायचा तो आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा उभं केल्यापासून. म्हणजे ठाण्यातले ते आधीचे जास्तीत जास्त चोवीस तास गरिबाला बहुतेकदा एकट्यानंच काढावे लागतात. मला खरी लढाई त्या चोवीस तासांची वाटते.

कसाबचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगते. त्याचं वकीलपत्र घ्यायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं. कोर्टानं अंजली वाघमारे यांना नेमलं तर त्यांच्या घरावर हल्ला झाला. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघे भारतीयही आरोपी होते. मेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला म्हणे एक नकाशा; कपडे रक्तानं भिजलेले आणि नकाशावर रक्ताचा डागही नाही, हे बचाव पक्षानं दाखवलं. दोघे सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयातही टिकली. फहीमचे वकील शाहिद आझमी यांना निकालाआधीच, फेब्रुवारी २०१०मध्ये, कुर्ल्यातल्या कार्यालयात गोळ्या घातल्या. “वकीलपत्र घेऊ नका” असं म्हणताना मला तो नकाशा आठवतो. वकील संघांचे असे ठराव बेकायदेशीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्येच सांगितलं आहे.

इथलं सगळं छान आहे असंही कुणी समजू नये. ठाण्यातला सल्ला सर्वांना मोफत, पण कोर्टात गेलं की उत्पन्न तपासतात. अशा खटल्यांसाठी सरकारकडून मिळणारी फी परवडत नाही म्हणून २०२२मध्ये फौजदारी बॅरिस्टर संपावर गेले होते.

गेल्या आठवड्यात ग्रुपमधल्या एकाचा फोन आला. ठरावाखाली हात जोडणाऱ्यांत तोही होता. मी ते काढलं नाही. त्याच्या भाच्याला चोरीच्या गुन्ह्यात उचललं होतं आणि वकील पन्नास हजार मागत होता. मी म्हटलं, मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० हा नंबर लाव, आणि जिल्हा न्यायालयात लोक अभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणारं कार्यालय, कुठे आहे ते विचार. पोरगा कोठडीत आहे, उत्पन्नाचा दाखला लागणार नाही.

तो जरा थांबला. मग म्हणाला, “अगं पण, सरकारी वकील म्हणजे आपल्या विरुद्धचाच ना?”