‘आमच्या आज्यांना कुणी शिकवले होते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

शिंकताना, खोकताना, जड उचलताना लघवी निसटते त्या बायकांसाठी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत (त्यांनाच केगल म्हणतात), असं मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यावर तुम्ही नाव न लिहिता बरीच मोठी प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लघवी मध्येच अडवण्याचा व्यायाम चुकीचा आहे. तुमच्या पत्नीने सहा महिने केगल केले, उपयोग झाला नाही, शेवटी ऑपरेशननेच सुटका झाली. डॉक्टर नसलेल्या बाईने असे सल्ले देऊ नयेत. आणि शेवटी हे वाक्य: ‘आमच्या आज्यांनी दहा-दहा बाळंतपणं केली, त्यांना कुणी केगल शिकवले होते? ही रिकामटेकड्या बायकांची नवी फॅशन आहे.’

पहिला मुद्दा तुमचा बरोबर आहे. लघवीची धार अडवून बघायची ती कोणता स्नायू आवळायचा हे कळावं म्हणून, एखाद्या वेळेपुरती. रोज तसं करत राहिलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. माझ्या लेखात हा फरक स्पष्ट झाला नव्हता. ते वाक्य आज सकाळी बदललं.

आता आज्यांबद्दल. तुमच्या आजीचं मला माहीत नाही, माझ्या आज्जीचं सांगते.

आम्ही वाळवा तालुक्यातले. आज्जीची आठ बाळंतपणं घरातच झाली, त्यातली सहा मुलं जगली. बाराव्या दिवशी बारसं झालं की ती उठायची आणि महिना भरायच्या आत डोक्यावर हंडा, कमरेला कळशी घेऊन पाण्याला जायची. माझ्या आठवणीतली आज्जी कीर्तनाला गेली की देवळात दाराशीच बसायची. पुढे जागा असली, कुणी हाक मारली, तरी उठायची नाही. एसटीने कुठे जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. ती माळकरी होती, पण पन्नाशीच्या आतच तिने पायी वारी सोडली. सगळे म्हणायचे, गुडघे धरलेत. तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. परसातल्या दोरीवर जुन्या लुगड्याच्या घड्या वाळत असायच्या, त्यांच्यावर दुसरं लुगडं पसरलेलं असायचं, कुणाला दिसू नयेत म्हणून. मी बारा वर्षांची असताना तिच्या कुशीत शिरले आणि बोलून गेले, ‘आज्जी, तुझ्या अंगाला वास येतो.’ त्या रात्रीपासून तिने मला जवळ निजायला घेतलं नाही. का, ते मला तिशीनंतर कळलं. तोवर ती गेली होती.

तेव्हा आज्यांना हा त्रास नव्हता असं तुम्ही कशाच्या बळावर म्हणता? तुमच्या आजीने तुम्हाला सांगितलं होतं? नातवाला जाऊ द्या, नवऱ्याला तरी सांगितलं असेल? ‘अंग बाहेर येतं’, म्हणजे गर्भपिशवी खाली सरकून बाहेर येते, हा शब्द आमच्या गावच्या प्रत्येक बाईला माहीत होता, आणि तो बायकांच्या घोळक्याबाहेर कधी गेला नाही. पुरुषांच्या कानावर आलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं म्हणणं मला सहन होत नाही. दहा बाळंतपणं झाली म्हणजे ते स्नायू धड होते, असं होत नाही. ते ताणले जाण्याचं मोठं कारणच बाळंतपण आहे. पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले हे स्नायू. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना खालून आधार त्यांचाच. खोकल्याचा दाब वरून आला की झोळी त्याच क्षणी आवळली जावी लागते. ती सैल पडली, नाहीतर आवळायला उशीर झाला, की थेंब निसटतो.

आणि नवी फॅशन म्हणाल, तर डॉ. आर्नॉल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी यावरचा आपला निबंध १९४८ साली छापला. स्नायूचा जोर मोजायचं उपकरणही त्यांनीच बनवलं होतं. तेव्हा माझी आज्जी पोरं कडेवर घेऊन शेतात राबत होती. तिच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही, याचं तुम्हाला दुःख वाटायला हवं होतं. तुम्ही त्याचा दाखला म्हणून वापर केलात.

‘रिकामटेकड्या’ हा शब्दही मी सोडणार नाही. मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दुसऱ्या बाळंतपणात मुलगा चार किलोचा होता, टाके बरेच पडले. त्यानंतर मी वर्गातल्या मुलींना दोरीवरच्या उड्या दाखवणं बंद केलं. मधल्या सुट्टीत चहा सोडला. गडद रंगाच्या साड्या घ्यायला लागले. एका डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, ‘वयाप्रमाणे व्हायचंच, पॅड वापरा.’ मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. एका पत्रकावर वाचून आठ महिने मनानेच व्यायाम केला आणि काडीचाही फरक पडला नाही. तुमच्या पत्नीला जे वाटलं असेल ते मलाही वाटलं, की हे सगळं थोतांड आहे.

मग मिरजेला एक फिजिओथेरपिस्ट भेटल्या. त्यांनी हातमोजा घालून आतून बोटाने तपासलं आणि म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही उचलत नाही, खाली ढकलताय.’ आठ महिने मी श्वास कोंडून, पोट आणि ढुंगण आवळून उलटाच जोर लावत होते. १९९१ सालच्या एका अमेरिकन पाहणीत ४७ बायकांना हा व्यायाम फक्त तोंडी सांगितला होता. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला, आणि साधारण चौघींतली एक अशा रीतीने करत होती की त्रास वाढावा. म्हणून तुम्हाला सरळ विचारते: तुमच्या पत्नीचा व्यायाम कुणी एकदा तरी तपासला होता का? तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेत त्याबद्दल एक ओळ नाही.

मला तपासून दिल्यावर आठ-दहा सेकंद उचलून धरायचं, तेवढाच वेळ सैल सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी चार-पाच झटपट आवळ्या. आणि शिंक येतेय असं वाटलं की शिंकेच्या आधी आवळायचं. शाळेच्या घंटांवर मी ते बांधून घेतलं, प्रार्थना, मधली सुट्टी आणि शाळा सुटताना. सैल सोडणंही तितकंच शिकावं लागलं, कारण काही जणींचे हे स्नायू आधीच ताठरलेले असतात, त्यांनी आणखी आवळत बसायचं नसतं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी वर्गात शिंकले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. काही झालं नव्हतं. फळ्याकडे तोंड करून रडले.

डॉक्टर नसलेल्या बाईचं बोलणं नको असेल तर हे घ्या. खोकल्या-शिंकेबरोबर होणाऱ्या गळतीवर आधी निदान तीन महिने देखरेखीखाली हाच व्यायाम द्यावा, असं ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे उपचारनियम सांगतात. २०१८ साली ३१ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. या प्रकारच्या गळतीत व्यायाम करणाऱ्या शंभरातल्या ५६ जणींनी आपण बऱ्या झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांत ६ जणींनी. उरलेल्या ४४ जणींत तुमच्या पत्नी असतील, ते मला मान्य आहे. ऑपरेशनने त्यांना बरं वाटलं याचा मला आनंदच आहे. पण एका घरच्या अनुभवावरून बाकीच्यांना परावृत्त करू नका.

ऑपरेशन कधी लागतं यावर मी लिहिलं नाही, हा तुमचा आणखी एक आक्षेप. तो माझ्या लेखाचा विषयच नव्हता. लघवीत रक्त, जळजळ, अंग बाहेर दिसणं, लघवी अजिबात न होणं यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, हे पहिल्याच परिच्छेदात आहे. तुम्ही तो वाचला नसावा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. तुमच्या पत्नीला स्वतः लिहावंसं वाटलं तर त्यांनी जरूर लिहावं, त्यांचा शब्दन्‌शब्द छापेन, ऑपरेशनबद्दलचाही. तुम्ही पुन्हा लिहिणार असाल तर आधी घरातल्या एखाद्या वयस्क बाईला विचारून या. पहिल्या विचारण्यात त्या सांगणार नाहीत. दुसऱ्यांदा विचारा.