पास घेण्याआधी हा हिशोब करा

पॅरिस–इंटरलाकन–मिलान–रोम या मार्गासाठी लेखात सरसकट युरेल ग्लोबल पास (युरोपातल्या अनेक देशांत चालणारा रेल्वे पास) सुचवलाय, ते पटलं नाही. पासच्या किमतीला प्रवासाच्या दिवसांनी भागा आणि प्रत्येक टप्प्याचं आरक्षण शुल्क त्यात मिळवा, मग सुट्या तिकिटांशी तुलना करा. लोक इथेच फसतात! फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्यारोस्सा या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. टीजीव्हीत पासधारकांच्या जागा मोजक्याच, त्या संपल्या की पूर्ण तिकीट काढावं लागतं. इटलीतल्या इटालो या खासगी कंपनीच्या गाड्यांत तर हा पास चालतच नाही. तारखा पक्क्या असतील तर या टप्प्यांची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढलेली बहुधा स्वस्त पडतात.

स्वित्झर्लंडसाठी हाफ फेअर कार्ड (तिकिटं निम्म्या भाड्यात देणारं कार्ड) जरूर तपासा. इंटरलाकनजवळच्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनला जाताना स्विस ट्रॅव्हल पास (स्वित्झर्लंडपुरता प्रवासाचा पास) वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त 25 टक्के सवलत. हाफ फेअरवर वरपर्यंत निम्मं भाडं.

जर्मनी-ऑस्ट्रियात रोज बेत बदलत फिरायचं असेल, सोबत 4 ते 11 वर्षांची मुलं असतील (एका मोठ्यामागे दोघं फुकट), तर युरेल खरंच कामाचा. फक्त गाडीत चढण्यापूर्वी युरेलच्या ॲपमध्ये तो प्रवास नोंदवा, नाहीतर पास असूनही दंड होऊ शकतो.