विधान परिषद बरखास्त करण्याआधी हे एक विधेयक पाहा

राज्यपालनियुक्त बारा जागा, पदवीधरांची मतदार नोंदणी, निवडणुकीत पडलेल्या नेत्याचं मागच्या दाराने पुनर्वसन, यांपैकी काहीही चर्चेत आलं की महाराष्ट्रात एक प्रश्न हटकून निघतो: विधान परिषद हवीच कशाला? आयर्लंडने हाच प्रश्न ४ ऑक्टोबर २०१३ रोजी सार्वमतात जनतेपुढे ठेवला. इथल्या, म्हणजे आयर्लंडच्या, वरिष्ठ सभागृहाला शॅनड म्हणतात, कनिष्ठाला डॉल आणि पंतप्रधानाला टीशक. शॅनड बंद केली तर खर्च वाचेल आणि राजकारणी कमी होतील, असा तेव्हाचे टीशक एंडा केनी यांचा प्रचार होता. जेमतेम ३९ टक्के मतदान झालं आणि त्यातल्या ५१.७ टक्के लोकांनी सभागृह राहू द्या, असा कौल दिला.

त्याच वर्षी जुलैमध्ये इथे एक कायदा झाला. वरिष्ठ सभागृहाचा उपयोग काय, याचं उत्तर मला त्या कायद्यात दिसतं.

फिअरगल क्विन हे मूळचे दुकानदार. १९६० मध्ये डंडॉकला त्यांनी काढलेल्या दुकानातून पुढे सुपरक्विन ही सुपरमार्केटची साखळी उभी राहिली. १९९३ ते २०१६ ते नॅशनल युनिव्हर्सिटीच्या पदवीधरांनी निवडून दिलेले अपक्ष सिनेटर होते. २००८ नंतर इथला बांधकाम धंदा कोसळला. मुख्य कंत्राटदार बुडाला की त्याच्या हाताखालचे पाइप टाकणारे, वायरिंग करणारे, गिलावा करणारे पोटकंत्राटदार सगळ्यांत आधी मरत. माल उधारीवर आणलेला, मजुरी खिशातून दिलेली आणि वरून उत्तर एकच: ‘मालकाकडून पैसे आले की तुझे देतो.’ क्विन यांनी मे २०१० मध्ये यावर खासगी विधेयक मांडलं. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला.

हा कायदा कागदावर कसा चालतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. पोटकंत्राटदार काम केल्यावर देयकाची मागणी नोटीस देतो. त्यात रक्कम, कालावधी, कोणतं काम आणि हिशेब कसा धरला, हे सगळं असावं लागतं. समोरच्याला रक्कम मान्य नसेल तर २१ दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यायचं. पोटकंत्राटात मागणीपासून ३० दिवसांत पैसे देय होतात. ‘मला मिळाले की देतो’ हे कलम काही अपवाद सोडता करारात लिहिलं तरी चालत नाही. पैसे थकले तर ७ दिवसांची नोटीस देऊन काम थांबवता येतं. वाद झाला तर कोणत्याही क्षणी निवाडाकाराकडे जाता येतं. दोघांचं ५ दिवसांत एका नावावर एकमत झालं नाही तर निवाडाकारांच्या सरकारी यादीचे (पॅनेलचे) अध्यक्ष नाव ठरवतात. निवाडा २८ दिवसांत द्यावा लागतो आणि तक्रार करणाऱ्याची संमती असेल तर आणखी १४ दिवस मिळतात. हा निवाडा लगेच बंधनकारक असतो, कोर्टात किंवा लवादात जायचं ते नंतर.

गफलत होते ती बहुतेक पहिल्याच पायरीला. नेहमीचं बिल ईमेलने पाठवलं, हिशेबाचा आधार लिहिला नाही, किंवा करारात ज्याला नोटीस द्यायची म्हटलंय त्याऐवजी साइटवरच्या इंजिनिअरला दिली, की पुढच्या मुदतींवरूनच भांडण सुरू होतं. शिवाय १०,००० युरोपर्यंतची कंत्राटं आणि स्वतः राहण्यासाठी बांधलेलं २०० चौरस मीटरपर्यंतचं घर कायद्याबाहेर आहे. म्हणजे शेजाऱ्याचं स्वयंपाकघर करून देणाऱ्या कारागिराला याचा आधार नाही. कायदा झाला तरी यादी नेमणं आणि आचारसंहिता तयार करणं यात तीन वर्षं गेली. तो प्रत्यक्ष लागू झाला तो २५ जुलै २०१६ नंतरच्या करारांना.

एकट्या अपक्ष सिनेटरला हे जमलं कसं? मुदत आणि निवाडा या दोन गोष्टींचा हट्ट त्यांनी शेवटपर्यंत धरला, आणि मसुद्याच्या शब्दांवर अडून बसले नाहीत. डॉलमध्ये सरकारने विधेयक हाती घेऊन त्यात मोठे बदल केले, ते त्यांनी होऊ दिले. सिनेटरच्या कामाचं मोजमाप मी इथे करतो. किती वेळा उठून बोलला, यापेक्षा एक प्रश्न त्याने किती वर्षं हातातून सोडला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यांनाच असं यश येत नाही. सिनेटर फ्रान्सिस ब्लॅक यांनी २०१८ मध्ये व्याप्त प्रदेशातल्या (मुख्यतः इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी भागातल्या) वसाहतींमधून येणाऱ्या मालावर बंदीचं विधेयक आणलं. शॅनडने ते मंजूर केलं, डॉलने दुसऱ्या टप्प्यात त्याच्या बाजूने कौल दिला, आणि मग ते अडकलं. कारण सरकारी तिजोरीवर भार येत असेल तर सरकारचा ‘वित्त संदेश’ लागतो आणि तो सरकारने दिलाच नाही. बहुमत असूनही विधेयक कसं कुजवता येतं, हे त्यावरून कळतं. शॅनडची स्वतःची ताकदही बेताचीच आहे. साधं विधेयक ती ९० दिवस अडवू शकते, वित्त विधेयकावर तिला २१ दिवस मिळतात.

हे आकडे आपल्या परिषदेच्या जवळपासचेच आहेत: साधं विधेयक तीन महिने आणि दुसऱ्या फेरीत एक महिना, वित्त विधेयक १४ दिवस. नातंही जुनंच आहे. राज्यसभेत बारा सदस्य नेमण्याची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयरिश घटनेवरून घेतली. म्हणून नेमलेल्या जागांचं दोन्हीकडे काय झालं, ते शेजारी ठेवून पाहायला हवं. शॅनडच्या ६० पैकी ११ जागा टीशक भरतात. २०२० च्या निवडणुकीनंतर सरकार बनेना, आणि काळजीवाहू टीशक लिओ वराडकर (त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड) या अकरा जणांना नेमू शकत नव्हते. उरलेल्या ४९ जणांवर सभागृह चालू द्या, म्हणून काही सिनेटर कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये नकार दिला: अकरा जण नेमल्याशिवाय शॅनड पूर्ण होत नाही आणि कायदेही करू शकत नाही. म्हणजे नेमणूक रखडली तर अख्खं कायदेमंडळ थांबतं, आणि तेवढ्या दबावापुढे ती फार काळ रखडत नाही. आपल्याकडे त्याच जूनमध्ये बारा जागा रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने यादी पाठवली. राज्यपालांनी वाजवी वेळेत निर्णय घ्यावा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. पहिले सात जण शपथ घेईपर्यंत ऑक्टोबर २०२४ उजाडला. चार वर्षं बारा खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि कशाचंच काही अडलं नाही. याचा मला मनापासून राग येतो. साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा यांसाठी घटनेने राखलेला तो आवाज आहे.

म्हणून बरखास्त करावी? नाही. रोजगार हमी योजना कुठून आली ते आठवा. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये झालेल्या प्रयोगापासून त्यांनी ही कल्पना रेटली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि पुढे देशाचा रोजगार हमी कायदा त्याच वाटेने आला. पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर मुळात त्या योजनेसाठी बसवलेला आहे.

क्विन यांचा विषय तर आज महाराष्ट्राचाच आहे. सरकारी कामांची बिलं थकल्याने २०२५ मध्ये कंत्राटदार संघटना रस्त्यावर उतरल्या. लघुउद्योगांच्या २००६ च्या केंद्रीय कायद्यात ४५ दिवसांची मुदत आणि बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज आहे. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या कंत्राटाला तो लागू होत नाही, अशा अर्थाचे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. पूल बांधणारा, जलवाहिनी टाकणारा छोटा माणूस नेमका त्या फटीत पडतो. ती बुजवणारं अशासकीय विधेयक परिषदेतला कोणताही पदवीधर आमदार लिहू शकतो: मागणी, २१ दिवसांत उत्तर, ३० दिवसांत पैसे, २८ दिवसांत निवाडा. अडचण वेळेची आहे. अशासकीय कामकाज शुक्रवारी होतं आणि डिसेंबर २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत चाललं. त्यात शुक्रवार एकच होता. परिषदेबद्दल वाद घालायचा तर तो या शुक्रवारांच्या संख्येवर घालावा.

आयर्लंडमधल्या मराठी माणसांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. शॅनडच्या ४३ जागांवर थेट मत देण्याचा अधिकार नगरसेवक, खासदार आणि मावळत्या सिनेटरांनाच आहे. पण नगरसेवक निवडताना इथे नागरिकत्व लागत नाही. भारतीय पासपोर्ट असला तरी १८ वर्षं पूर्ण झालेल्या रहिवाशाला स्थानिक निवडणुकीत मत आहे, उभंही राहता येतं. देशभरात ९४९ नगरसेवक आहेत आणि शॅनडच्या मतदारांत सर्वाधिक संख्या त्यांचीच. म्हणजे तुमच्या वॉर्डातला माणूस सिनेटरला मत देतो, आणि म्हणून सिनेटर त्याचा फोन उचलतो. मतदार यादीत नाव घालायला पीपीएस क्रमांक (सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक), जन्मतारीख आणि एरकोड (इथला पिनकोड) हाताशी ठेवा.

आणि सिनेटरला पत्र लिहाल तेव्हा प्रश्न अरुंद ठेवा. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टॅला उपनगरात एका भारतीयावर हल्ला झाला, त्यानंतर आपल्यातल्या अनेकांनी ‘वंशद्वेषाबद्दल सरकार काय करतंय?’ असं विचारलं. शॅनडमध्ये दिवसाच्या सुरुवातीला सिनेटर एखादा विषय मांडतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. अनेकदा दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री येऊन लिहून दिलेलं वाचतो. मोठा प्रश्न विचारला की मोठं, गुळगुळीत निवेदन हाती येतं. त्याऐवजी विचारा: या गार्डा (आयरिश पोलीस) विभागात गेल्या बारा महिन्यांत द्वेषाचा हेतू असलेले गुन्हे किती नोंदवले गेले आणि त्यांतले किती सरकारी वकिलांकडे गेले? आकडा एकदा अधिकृत नोंदीत आला की सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा लावायला सांगा.