टेस्टिंगमध्ये शेतकरी कुठंय?

आज डोकं जाम फिरलंय म्हणून लिहितेय, लांब होईल पोस्ट, वाचा.

मामांना घेऊन नाशिकजवळच्या एका वायनरीत गेले होते, टूर आणि टेस्टिंगला. नाव लिहीत नाही कारण हे एकट्या त्यांचं नाहीये, मी जिथं जिथं गेलेय तिथं हेच चालतं. स्टीलच्या टाक्या दाखवतात, ओकची पिंपं दाखवतात, ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा सगळं शिकवतात, फ्रान्स येतं, इटली येतं, पण ज्याच्या बागेतून माल आला त्या माणसाचं नाव अख्ख्या टूरमध्ये एकदाही निघत नाही. एकदाही!

आमचे मामा दिंडोरी तालुक्यातले द्राक्षवाले. 2001 ला राज्याचं वाईन धोरण आलं, मग सगळीकडं वाईनच्या द्राक्षांची हवा झाली, तेव्हा त्यांनीही शिराझ लावलेली. पुढं 2008-09 च्या मंदीत माल कुणी उचलेना, मग बाग तोडली आणि खायची थॉमसन लावली. तेव्हा खूप जणांनी तोडल्या.

तर टेस्टिंगला शिराझ आली. गाईड पोरगा म्हणाला, ब्लॅक पेपर, डार्क चॉकलेट, टॅनिन. मामांनी घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "बी चांगलं पिकलेलं दिसतंय. आम्ही तोडणीआधी मणी चावून बघायचो, बी हिरवं असलं की थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कडकड वाजलं की मग तोडायचं. तुम्ही ब्रिक्स किती धरता रे तोडणीला?" (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.) पोरगा नुसता हसला, "सर, वो तो वाईनमेकर को पता होगा," आणि पुढची बाटली उघडली. शेजारच्या टेबलावरचे दोघं फिस्सकन हसले.

अरे हसता काय! रेड वाईनचा तुरटपणा मुख्यतः सालीतून आणि बियांतून येतो, रंगही सालीतूनच. तुम्ही ज्याला टॅनिन टॅनिन म्हणून माना डोलावता तेच मामा सांगत होते, आणि ते त्यांनी बागेत उभं राहून मणी चावून चावून शिकलेलं आहे.

सांगण्यासारखं किती आहे बघा. युरोपात थंडीत वेल झोपतो, आपल्याकडं झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलच्या आसपास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि पाऊस सरता सरता फळासाठी गोडी छाटणी. त्यांची तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपली जानेवारी ते मार्च. त्यात भुरी, डाऊनी असले रोग आले, अवकाळी आला, एका दुपारच्या गारपिटीत वर्षाची कमाई मातीत जाते. खायच्या द्राक्षाला मणी मोठा लागतो, वाईनच्या द्राक्षाला बारीक मणी, जाड साल आणि भरपूर साखर. हे ऐकायला कुणाला कंटाळा येईल? मला तर ओकच्या पिंपांपेक्षा हेच ऐकायचंय.

हां, लोक तिथं वीकेंडला मजा करायला येतात, शेतीचा तास घ्यायला नाही, मान्य. आणि त्या पोराचाही राग नाही खरं तर, त्याला जे पाठ करायला दिलंय ते तो बोलतो, दिवसभर उभा असतो बिचारा. निघताना मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "गाव कोणतं रे तुझं?" तर निफाडचा निघाला! घरी द्राक्षबाग आहे म्हणाला, आणि पाच मिनिटं दोघं औषध फवारणीवरच बोलत बसले. म्हणजे त्याला सगळं माहितीये, फक्त ते बोलायची मुभा नाही. याचाच जास्त संताप आला मला.

आणि आठवतंय ना, जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी शेतकरी होता. शेतकऱ्याचं भलं, शेतकऱ्याचं भलं. मग टेस्टिंगच्या टेबलावर कुठं जातो हा शेतकरी? बी चावून बघणाऱ्या माणसाला तिथं हसतात.

वायनरीवाल्यांनो, बाटलीवर गाव छापा, बागायतदाराचं नाव छापा. टूर टाक्यांपासून नको, बागेपासून सुरू करा. आणि माझ्या लिस्टमधले जे जे जाणारेत त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जा, तोडणी चालू असते, आधी बागेत न्या म्हणून हट्ट धरा. पैसे भरलेत तुम्ही.