बथशेबा गच्चीवर नव्हती, दावीद होता

रविवारी उपासना सुटल्यावर आत्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "वाच गं, किती छान लिहिलंय." मेसेजचं नाव 'दावीद राजाकडून शिका'. खाली पाच मुद्दे: बथशेबा गच्चीवर उघड्यावर आंघोळ करत होती, तिनेच राजाला मोहात पाडलं. तिने नकार दिला नाही, म्हणजे तिची संमती होती. देवाने दावीदाला 'माझ्या मनासारखा' म्हटलं. देवाने क्षमा केली, तेव्हा माणसांनी तो विषय काढू नये. आणि शेवटी ठळक अक्षरांत, देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडून नेमलेल्याला, हात लावू नका, सेवकांवर बोटं दाखवू नका.

एरवी मी वाचून सोडून दिलं असतं. पण आमच्या तरुण संघातल्या एका मुलीने गेल्याच महिन्यात मंडळीच्या एका वडीलधाऱ्या सेवकाच्या वागण्याबद्दल तक्रार केली आहे, आणि आत्याने हा मेसेज तिच्या आईला पाठवलाय. त्या घरात तो कसा वाचला गेला असेल, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही.

आधी गच्ची. बायबलमधलं दुसरं शमुवेल हे पुस्तक, अकरावा अध्याय, दुसरं वचन. संध्याकाळी दावीद पलंगावरून उठला आणि राजवाड्याच्या गच्चीवर फिरू लागला. तिथून त्याला एक बाई स्नान करताना दिसली. गच्चीवर कोण आहे? दावीद. बथशेबा कुठे होती, हे शास्त्र सांगतच नाही. जुनं यरुशलेम किद्रोनच्या खोऱ्यावरच्या अरुंद डोंगरसोंडेवर वसलेलं होतं. उंचावर उभा राहिलेल्याला खालची घरं-अंगणं दिसणारच. चौथं वचन सांगतं की ती आपल्या अशुद्धतेपासून शुद्ध होत होती. म्हणजे पाळीनंतर नियमशास्त्राप्रमाणे करायचं ते स्नान. एक बाई आपला धर्म पाळत होती आणि तिला आपण तीन हजार वर्षं मोहिनी म्हणतोय. अध्यायाचं पहिलं वचनही सोडू नका: राजांनी लढाईला जायचे ते दिवस होते, सैन्य राब्बा या शत्रूच्या शहराला वेढा घालून बसलं होतं आणि दावीद यरुशलेमातच राहिला होता.

संमतीचं म्हणाल, तर दावीदाने चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं, ही अलीयामाची मुलगी, उरीया हित्ती याची बायको. हे कळल्यावरही त्याने माणसं पाठवून तिला आणवलं आणि तो तिच्याजवळ निजला. नवरा आघाडीवर, दारात राजाची माणसं. अशा वेळी 'नाही' कुणाला म्हणायचं? त्या अख्ख्या अध्यायात तिचा एकच निरोप आहे, मला दिवस गेलेत.

पुढचं मेसेजमध्ये नाहीच. दावीदाने उरीयाला बोलावून घेतलं, घरी जा म्हणाला, म्हणजे मूल त्याच्या नावावर खपेल. उरीया गेला नाही. देवाचा करारकोश तंबूत आहे, माझे सोबती उघड्या रानात आहेत, मी घरी जाऊन खाऊ-पिऊ आणि बायकोजवळ निजू? तो राजवाड्याच्या दाराशी नोकरांबरोबर झोपला. दुसऱ्या दिवशी दावीदाने त्याला दारू पाजली, तरी तो गेला नाही. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं की उरीयाला जोराच्या लढाईत पुढे ठेवा आणि मागे हटा, म्हणजे तो मरेल. ते पत्र नेलं उरीयाने. स्वतःच्या मृत्यूचा हुकूम स्वतःच्या हातात घेऊन तो छावणीत परतला. दावीदाच्या ३७ वीरांची यादी तेविसाव्या अध्यायात आहे. तिच्यातलं शेवटचं नाव उरीया हित्ती.

कुणाचा दोष, हे नाथान संदेष्ट्याने सांगितलेलंच आहे. श्रीमंताकडे पुष्कळ मेंढरं, गरिबाकडे एकच कोकरी. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या पेल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी निजायची. पाहुणा आला आणि श्रीमंताने ती गरिबाची कोकरी घेतली. त्या कोकरीने काय केलं होतं? या दाखल्यात तिच्याकडे बोट दाखवायला जागाच नाही. हिब्रूत बथशेबेला 'घेतलं' यासाठी जे क्रियापद आहे, 'लाकाख', तेच या कोकरीसाठी आहे. फार आधी लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेल संदेष्ट्याने त्यांना बजावलं होतं, तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल. तिथेही तेच क्रियापद. "तो मनुष्य तूच आहेस," असं नाथान राजाच्या तोंडावर म्हणाला. बथशेबेला तो एका शब्दानेही बोलला नाही.

'माझ्या मनासारखा' हे खरं आहे. पण ते शब्द आधीचा राजा शौल याच्या काळातले आहेत, दावीद गोष्टीत यायच्याही आधीचे. पहिलं राजे, पंधरावा अध्याय दावीदाची स्तुती करतो आणि लगेच म्हणतो, उरीया हित्तीची गोष्ट सोडून. एवढं मात्र मान्य करते की दावीदाने नाथानाला मारलं नाही, सबब सांगितली नाही, "मी पाप केलंय" म्हणाला. पुढच्या काळातल्या योवाश राजाने चूक दाखवणाऱ्या जखऱ्याला दगडमार करवली होती, ते आठवलं की याची किंमत कळते. पण हीच गोष्ट आजच्या सेवकाला लावायची तर त्यानेही आधी 'मी पाप केलंय' म्हणायला हवं ना?

क्षमा झाली, हेही खरंच. तरी त्याच दमात नाथान म्हणाला की तुझ्या घरावरची तलवार जाणार नाही. दावीदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामारवर बलात्कार केला, दावीद रागावला आणि त्याने काही केलं नाही. तामार सख्ख्या भावाच्या, अबशालोमाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मारवलं. बोलू नका म्हणणाऱ्यांनी हा तेरावा अध्याय वाचावा.

आता ठळक अक्षरांतलं वचन, स्तोत्र १०५, पंधरावं. त्याच्या वरची तीन वचनं वाचा. मूठभर परदेशी लोक देशोदेशी भटकत होते, देवाने त्यांच्यासाठी राजांना धमकावलं आणि म्हटलं, माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, माझ्या संदेष्ट्यांना उपद्रव देऊ नका. उत्पत्तीच्या पुस्तकात कुलपतींपैकी, म्हणजे या मूळ पूर्वजांपैकी, संदेष्टा म्हटलंय ते अब्राहामाला, विसाव्या अध्यायात, गराराच्या अबीमलेख राजाने त्याच्या बायकोला, सारेला, नेलं तेव्हा. दुसऱ्याची बायको उचलून नेणाऱ्या राजाला देवाने दिलेली ती तंबी आहे! ती राजाच्या बाजूने कुणी उलटवली?

शौल जिवावर उठला तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, हा दाखला तर नेहमीच दिला जातो. एन-गेदीच्या गुहेत त्याने शौलाच्या झग्याचा काठ कापला, जीव घेतला नाही. पण लगेच बाहेर येऊन त्याने मोठ्याने हाक मारली आणि सैन्यासमोर राजाला जाब विचारला. मारू नका हे बरोबरच, पण विचारू नका असं तिथे कुठे आहे?

आत्या, मत्तयाने येशूच्या वंशावळीत शलमोनाच्या आईचं, म्हणजे बथशेबेचं, नाव लिहिलेलं नाही. 'उरीयाची बायको' असं लिहिलंय. तिला मोहिनी ठरवणाऱ्या मेसेजपेक्षा मत्तयाला उरीया जास्त आठवतो. तो मेसेज तू ज्या माउलीला पाठवलास, तिला आज संध्याकाळी स्वतः फोन कर. दुसरं शमुवेल बारा, पहिली सात वचनं तिला वाचून दाखव. मग फोन तिच्या मुलीकडे द्यायला सांग आणि तिचं म्हणणं ऐकून घे.