‘बधिर झालं म्हणजे सवय झाली’? अजिबात नाही!

गेल्या आठवड्यात रात्री साडेबाराला कॉलेजातल्या एका ज्युनियरचा फोन आला. मी चार वर्षं चॅस्टिटी केज (लिंगावर बसणारा, कुलूप लागणारा पिंजरा; तो अंडकोशामागून येणाऱ्या रिंगवर टिकतो) वापरतोय हे माहीत असलेल्या मोजक्या लोकांपैकी तो एक. दबक्या आवाजात म्हणाला, "दादा, पाच दिवस काढला नाहीये. पुढचा भाग सुन्न झालाय. सवय होतेय ना?"

हा प्रश्न त्याला आपणहून सुचलेला नव्हता. ‘३० दिवस न काढता केज’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय, त्यातलंच हे वाक्य: पहिल्या आठवड्यात बधिरपणा येईल, रंग निळसर होईल, घाबरू नका, शरीर जुळवून घेतंय.

शरीर जुळवून घेत नाहीये, रक्त अडलंय! रिंगमुळे आधी शिरा दाबल्या जातात. रक्त आत येत राहतं, पण परत जात नाही, म्हणून सूज चढते. सुजेमुळे तीच रिंग आणखी घट्ट होते. भट आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ब्रिटिश जर्नल ऑफ युरॉलॉजीमध्ये अशा आवळलेल्या अवस्थेच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिलीत नुसती सूज. संवेदना कमी होणं ही दुसरी पायरी. पाचवीत गँगरीन. म्हणजे हा मेसेज ज्याला ‘सवय’ म्हणतो ती डॉक्टरांच्या लेखी दुसरी पायरी आहे, आणि तिथे थांबायला सांगायचं सोडून मेसेज लिहिणारा पोरांना धीर देतोय. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

त्याला मी फोनवरच कातडी बोटाने दाबून सोडायला सांगितलं. दोनेक सेकंदांत रंग परत यायला हवा. आला, पण उशिरा. "आत्ताच्या आत्ता काढ," म्हटलं. तर किल्ली गावी, मित्राकडे! कारण मेसेजात लिहिलंय की मोह नको म्हणून किल्ली लांब ठेवा. शेवटी कुलूप पकडीने तोडलं. सुदैवाने ते पितळी आणि लहान होतं. जाड स्टीलची रिंग अडकली असती, तर कॅज्युअल्टीत कटर शोधत बसावं लागलं असतं. एक किल्ली घरातच हवी. मोह वाटत असेल तर पाकिटात सील करून ठेवा.

‘बाहेरून पाणी मारलं की पुरे’ हेही खोटं. पुढच्या कातडीखाली पांढरा थर साचतो, लघवीचे थेंब राहतात, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात तिथली ओल दिवसभर सुकत नाही. रोज केज काढून, कातडी मागे घेऊन, कोमट पाण्याने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं आणि कातडी पुन्हा पुढे आणायची. मागेच राहिली तर तीही आवळते. रिंगखालची, अंडकोशामागची घडी आरशात बघायची. तिथे लाल रेघ दिसली तर त्या दिवशी सुट्टी. डेटॉल लावा म्हणणाऱ्याने ते स्वतःच्या त्या जागी लावून बघावं. खाज आली तर मेडिकलवाल्याकडची स्टेरॉइड मिसळलेली ‘नायट्याची ट्यूब’ आणू नका, तिने नायटा दबतो आणि मग चिवट होतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असेल तर बुरशी आणखी लवकर धरते.

‘रात्रीची ताठरता कायमची बंद होते’ हा मुद्दा दोन वाक्यांच्या लायकीचा. निरोगी पुरुषाला झोपेत साधारण तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि ती केजला विचारून येत नाही.

एक गोष्ट मात्र त्या मेसेजातली बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करतो. नवख्या माणसाची झोप पहिले काही दिवस मोडते आणि पुढे बऱ्याच जणांची सुधारते. माझीही सुधारली. पण रिंग आणि कातडीच्या मध्ये करंगळी सरकेल एवढी जागा होती म्हणून.

त्याची सूज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरली, संवेदनाही आली. तरी मी त्याला युरॉलॉजिस्टकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी अजिबात न बिचकता तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती तास?" तो म्हणाला, "पाच दिवस." त्यांनी पेन खाली ठेवलं.