व्हाइटनरखालच्या अकरा माश्या

आज लॅबमध्ये घडलेलं डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे एम.एस्सी.ची मुलं फळमाश्यांवर डिझर्टेशन करतात. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगार शिजवून व्हायलमध्ये ओतायचं आणि त्यावर माश्या वाढवायच्या. 25 अंशांना अंड्यापासून माशी व्हायला दहा दिवस. बडोद्याच्या मे महिन्यात इन्क्युबेटर बंद पडला की सगळी मेहनत पाण्यात.

दांडिया बाजारातून येणारी आमची एक विद्यार्थिनी फार कष्टाळू आहे. तिने पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर असा क्रॉस, म्हणजे संकर, लावला होता. यात पुढच्या पिढीतले नर सगळे पांढऱ्या डोळ्यांचे आणि माद्या सगळ्या लाल डोळ्यांच्या यायला हव्यात. वहीत अगदी तसंच होतं. फक्त एका रकान्यात व्हाइटनर. पान खिडकीकडे धरलं, तर वर 0 आणि खाली 11.

"अगं, हे काय?"

"मॅडम, पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या यायलाच नकोत ना. माझंच काहीतरी चुकलं असणार."

मला रागावताच आलं नाही. माझे गाइड रोज दारातून एकच विचारायचे, रिझल्ट आला का? नाही म्हटलं की दिवसभर अबोला. एकदा मीही एक आकडा सरळ करून टाकला. कोणाला कळलं नाही, पण मला तो आकडा अजून पाठ आहे.

मग मी तिला कॅल्व्हिन ब्रिजेसबद्दल सांगितलं. आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या न्यूयॉर्कमधल्या लॅबमध्ये बाटल्या धुणारा हा विद्यार्थी. धुताना जाड काचेतून त्याला शेंदरी डोळ्यांची माशी दिसली आणि मॉर्गननी त्याला संशोधनात घेतलं. पुढे असल्याच 'यायला नकोत' अशा माश्या त्याने टाकून न देता तपासल्या. 1916 मध्ये त्यांच्याच आधारावर त्याने दाखवून दिलं की जनुकं गुणसूत्रांवरच असतात.

"म्हणजे माझ्याही तशाच?" तिचे डोळे लकाकले.

"तूच ठरव. तशा असतील तर सोबत आणखी काय दिसायला हवं?"

वीसेक मिनिटं ती फळ्यासमोर एक्स-वाय गुणसूत्रं मांडत बसली. मग म्हणाली, "लाल डोळ्यांचे नरही यायला हवेत. माझ्याकडे एकही नाही. शिवाय तशा माश्या हजार-दोन हजारांत एखादी. माझ्या दोनशेत अकरा." मग थांबून, हळूच, "मॅडम, माद्या व्हर्जिन नव्हत्या."

संध्याकाळी सहाला पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांची बाटली रिकामी केलेली, नव्याने निघालेल्या माद्या वेचल्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. कोशातून निघाल्यावर सातआठ तासच मादी नराला जवळ येऊ देत नाही, आणि एकदा शुक्राणू मिळाले की ते साठवून ठेवते. बाटलीतले नर पांढऱ्या डोळ्यांचेच, म्हणून या मुली पांढऱ्या.

पुस्तकातला क्रॉस बरोबर आला असता तर हे तिला कधी समजलं असतं? गाइड मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे, रिझल्ट आला का हे विचारायच्या आधी काय दिसलं ते विचारा. आणि उत्तर ऐकायला खुर्ची ओढून बसा. दारात उभं राहून विचारलं की मुलं शून्यच सांगतात. जर्नलवर सही करताना चोख आकड्यांना दहापैकी दहा आणि खाडाखोडीला सहा देणारे आपणच असतो. मीही दिले आहेत. यापुढे देणार नाही.

व्हाइटनर तिने नखाने खरवडून काढला. 11 परत दिसू लागले, बाजूला तिने दोन्ही वेळा लिहिल्या. आता ती सकाळी आठला बाटली रिकामी करते आणि दोनला माद्या वेचते. नव्या क्रॉसच्या माश्या पुढच्या सोमवारी निघतील.